राखाडी चौकटीतलं नाव

मदतीचं पान कोणी वाचत नाही. लोक मथळा बघतात, लाल बाण कुठे लावलाय ते बघतात आणि राखाडी चौकटीत नमुना म्हणून जे लिहिलेलं असतं ते जसंच्या तसं मोबाइलवर मारून मोकळे होतात. रुपालीला हे नोकरीच्या पहिल्याच हंगामात कळलं. तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता. याच गोष्टीच्या जोरावर आपण एका माणसाला जमिनीवर आणू, असं तेव्हा तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वडशात तांदळाच्या एका अडतीच्या वरच्या माडीवर निकेशचं ऑफिस होतं. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटक कंपन्यांना इथे रंगभूमी म्हणतात, आणि साऱ्या रंगभूम्यांची ऑफिसं वडशात. पूर्वी गावचं मंडळ तारीख ठरवायला वडशाच्या चकरा मारायचं. निकेशनं नागपुरातली नोकरी सोडून त्यासाठी 'रंगतारीख' नावाचं सॉफ्टवेअर बनवलं. आता मंडळ मोबाइलवरच रंगभूमी निवडायचं, तारीख पक्की करायचं. सॉफ्टवेअर बरं होतं, पण निकेशनं स्वतः लिहिलेल्या सूचना वाचून माणूस फोन खिशात घालायचा आणि एसटी पकडायचा. म्हणून त्यानं रुपालीला कामाला ठेवलं.

मदतीची सगळी वेबसाइट रुपालीची. मथळ्याआधी हॅश मारला की अक्षर मोठं होतं, दोन बाजूंना दोन-दोन तारे दिले की शब्द ठळक होतो, आणि कुठे एखादी जागा जास्त सुटली तर सगळ्या पायऱ्या कोसळून एकमेकींच्या अंगावर पडतात. हे सगळं ती हातासरशी करायची. पानावर पायऱ्या, स्क्रीनच्या फोटोवर लाल बाण, पिवळ्या पट्टीत इशारा आणि शेवटी राखाडी चौकटीत नमुना. दिसायला पान असं नेटकं, की निकेश येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसायचा.

पहिल्या वर्षी 'तारीख कशी ठरवावी' या पानावर तिनं चौकटीत नमुन्याचं गाव लिहिलं होतं, सुखवाडी. आणि हंगाम उघडला तसा निम्म्या झाडीपट्टीनं आपलं गाव सुखवाडी म्हणून नोंदवलं. एका रंगभूमीची गाडी नटनट्यांसकट नागभीडपासून सिंदेवाहीपर्यंत सुखवाडी विचारत फिरली. निकेशनं एका मंडळाच्या सचिवाला फोन लावला.

"भाऊ, तुमचं गाव तं सुखवाडी नाई ना?"

"नाई बा."

"मंग काऊन लिवलं?"

"तुमीच लिवलं होतं ना तिथी. पोट्टा वाचून राह्यला होता, मी मारून राह्यलो होतो. तो जे मनला ते मारलं."

निकेश वैतागला, पण रुपालीला नवल वाटलं नाही. नाटकवाल्या बाईची पोर ती. झाडीपट्टीतला नट पाठांतराच्या भानगडीत फारसा पडत नाही. रंगमंचापुढे वाजंत्र्यांच्या शेजारी वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो, तो जे म्हणेल ते नट म्हणतो, वर त्यात जीव ओततो. गावोगावची मंडळं याच तालमीत वाढलेली. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं म्हणायचं, मध्ये शंका काढायची नाही. तिच्या पानांचंही तेच होत होतं. ती साऱ्या झाडीपट्टीची प्रॉम्प्टर होऊन बसली होती.

त्यानंतर निकेशनं सॉफ्टवेअरमध्ये सोय केली. यादीत नसलेलं नाव मारलं तर ते 'असं नाव सापडत नाही' म्हणून परत पाठवायचं. आणि भिंतीवरच्या पाटीवर त्यानं निळ्या पेननं नियम लिहून टाकला, की चौकटीत खऱ्या रंगभूमीचं नाव कधीही घालायचं नाही. तो नियम रुपालीच्या डोळ्यांसमोर दोन हंगाम राहिला. तिसऱ्या हंगामात तिनं तो मोडला, आणि अगदी जाणूनबुजून मोडला.

तिची आई शकुबाई एके काळी पळसफूल रंगभूमीची नायिका होती. ढिवराच्या घरातली बाई, तळ्यावर जाळी ओढणाऱ्यांची लेक, पण आवाज असा की मागच्या बांधावर बसलेल्या माणसालाही माईकवाचून ऐकू जावा. पळसफूलचे मालक गुणवंतराव. तोंडात साखर, खांद्यावर शाल, आणि हंगामात कोणालाही नाही म्हणायची सवय नाही. त्याच सवयीनं एका वर्षी त्यांनी कवठाळीला आणि आणखी एका गावाला एकच तारीख देऊन टाकली. नट दोन ठिकाणी वाटले, पण पडदे, दिवे आणि बाजा भरलेली गाडी एकच. ती आधी त्या दुसऱ्या गावी गेली. इकडे कवठाळीत लोक उघड्याबोडक्या मंचाकडे बघत ताटकळले. शकुबाई दिवस मावळायच्या आतच रंग लावून, नऊवारी नेसून मागच्या झोपडीत तयार बसली होती. रुपाली तेव्हा चौथीत होती, आईच्या गजऱ्यातली सुटलेली फुलं गोळा करत होती.

गाडी आली तेव्हा लोक खवळले होते. गुणवंतरावांनी माईक हातात घेतला, मान खाली घातली आणि म्हणाले, "रसिक मायबाप, माफी असावी. आमच्या शकुबाईमुळे उशीर झाला. काय सांगू, कलावंत माणूस आहे, समजून घ्या." आणि अंगठा ओठांपाशी नेला, बाटली धरावी तसा.

एवढंच. पुढचं लोकांनी आपापलं समजून घेतलं. शकुबाई मंचावर आली तशी पहिली चप्पल आली, मग दुसरी, मग मातीची ढेकळं. तिनं नाटक पुरं केलं. एकही वाक्य गाळलं नाही. पण त्या हंगामानंतर तिला एकाही रंगभूमीनं विचारलं नाही. जी बाई आयुष्यात दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, ती साऱ्या पट्ट्यात पिणारी ठरली. तेव्हापासून ती वडशाच्या बाजारात मासे विकते. गिऱ्हाइकाशी बोलते तेही हळू आवाजात.

रुपाली तो दिवस कधी विसरली नाही. तिला गुणवंतरावाचा पैसा नको होता, त्याची रंगभूमी बुडाली नाही तरी चाललं असतं. तिला एकच हवं होतं. ज्या गावात, ज्या माईकवरून तो खोटं बोलला, त्याच गावात, त्याच माईकवरून त्यानं खरं बोलावं. यासाठी काय करायचं हे मात्र तिला इतकी वर्षं सुचत नव्हतं. माणूस मोठा, सत्कारांत बसणारा. मासेवालीच्या पोरीनं जाऊन काय म्हणायचं त्याला?

ते यंदा निकेशनंच तिच्या हातात दिलं.

"रुपाली, दिवाळीच्या आत एक पान पायजे," तो म्हणाला. "मंडळाइले रंगभूमीची तक्रार कराची सोय देऊन राह्यलो. तक्रारी जमल्या की नावासमोर लाल खूण लागन. आन तक्रार ज्या मंडळानं केली, त्यालेच मागे घेता येईन. मले बी नाई काढता येनार. नाई तं मालक लोक इथी येऊन बसतीन माह्या डोक्यावर."

रुपालीनं 'तक्रार कशी नोंदवावी' हे पान लिहायला घेतलं. मथळा झाला, पायऱ्या झाल्या, बाण लागले. पिवळ्या पट्टीत तिनं इशारा लिहिला की खरी तक्रार असेल तरच नोंदवा. तो कोणी वाचणार नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? मग ती राखाडी चौकटीपाशी आली आणि तिचा हात थांबला. तिला अंगठा दिसला, ओठांपाशी नेलेला. तिनं चौकटीत लिहिलं, 'रंगभूमी: पळसफूल रंगभूमी, वडसा. तक्रार: मालकाने एकच तारीख दोन गावांना दिली, त्यामुळे नाटकाला उशीर झाला.' ओळी नीट जुळवल्या, रंगभूमीचं नाव ठळक केलं. पान इतकं सुरेख तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. निकेशनं नेहमीसारखे मथळे आणि रंग बघितले, "झकास," म्हणाला आणि पान चढवून टाकलं.

पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको. नवी सोय आली म्हटल्यावर मंडळांनी ती करून पाहिली. एकानं वाचलं, दुसऱ्यानं मारलं. मूल गावाकडून तक्रार आली, ब्रह्मपुरीकडून आली, आरमोरीकडून आली. ज्या गावांत पळसफूलचं नाटक कधी झालंच नव्हतं, त्या गावांतूनही आली. पळसफूलच्या नावासमोर लाल खूण उगवली. आणि जी मंडळं खरोखर नाटक ठरवायला बसली होती, त्यांनी ती खूण बघून बोट पुढच्या नावावर सरकवलं.

रुपाली रोज सकाळी ऑफिसात आली की आधी ती लाल खूण बघायची. चहाची गोडी दुप्पट व्हायची. एकदा गुणवंतराव खालच्या रस्त्यानं भर उन्हात फोनवर कोणाची तरी मनधरणी करत जाताना तिला माडीवरून दिसले. शाल खांद्यावरून घसरून एका बाजूनं धुळीत लोळत होती. ती खिडकीतून हलली नाही. कोणाचं वाईट बघून बरं वाटू नये म्हणतात. तिला फार बरं वाटलं.

पण गुणवंतराव जुने खेळाडू. आपल्यावरचा चेंडू दुसऱ्याच्या अंगणात कसा टाकायचा हे त्यांना नव्यानं शिकायचं नव्हतं.

एका दुपारी माडीचा जिना चढून एक तरुण बाई आली. डोळे रडून सुजलेले, पण वेणी-पावडर नीट. पळसफूलची आताची नायिका, प्रेमिला. निकेश बाहेर गेला होता.

"बाई, ते लाल निशान काढाले काय करा लागते?" तिनं विचारलं. "गुणवंतभाऊ मंडळाइले फोन करून राह्यले. मनतात, हे सब हिरोइनमुळे होऊन राह्यलं. मनतात, प्रेमिला टाइमावर येत नाई, तिचं काही खरं नाई. मी एक दिवस लेट नाई झाली, बाई. आता दुसऱ्या रंगभूमीवाले बी मले उभं करत नाई."

रुपालीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. इतके दिवस गोड लागलेला चहा कडू झाला. चौकट तिनं लिहिली होती गुणवंतरावासाठी, आणि चप्पल पुन्हा एका बाईच्याच अंगावर पडत होती. तिला स्वतःचा राग आला, आणि त्या माणसाचा त्याहून दसपट आला. प्रेमिलाला तिनं इतकंच सांगितलं, की निशाण निघेल आणि तुझं नावही निघेल, मला चार दिवस दे. आणि प्रेमिला गेली तशी ती खाली उतरून थेट पळसफूलच्या ऑफिसात गेली.

गुणवंतराव टेबलामागे पान लावत बसले होते. भिंतीवर जुनी पोस्टरं. एकावर शकुबाईच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच बाईचा फोटो चिकटवलेला.

"ये बाई, बस. निकेशकडची ना तू?" ते म्हणाले. "ते लाल निशान काढाचं काही जमवते काय? बुडालो मी."

"निशान मीच लावलं," रुपाली म्हणाली. "नमुन्यात तुमचं नाव मी टाकलं. लोक नमुनाच मारतात, मले माईत होतं."

पान तोंडाशी नेलेला हात तिथेच राहिला. "काऊन? मी काय केलं तुहं?"

"मी शकुबाईची पोरगी."

गुणवंतरावांनी पान खाली ठेवलं आणि आवाज चढवला. "निकेशले सांगतो मी. नोकरी जाईन तुही. आत्ता."

"सांगा. जाऊ द्या नोकरी. पन तक्रार ज्या मंडळानं केली त्यालेच काढता येते. त्या सबाइले कशी काढाची हे सांगाचं पान लिवा लागन. निकेशभाऊनं लिवलेलं कोनाले समजत नाई, हे तुमाले बी माईत हाय. माह्या पानावर जे लिवलं ते लोक करतात. लावाले बी अन् काढाले बी."

हे मात्र गुणवंतरावांना पटलं. प्रॉम्प्टर रुसला तर नाटकाचं काय होतं, हे नाटकवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा आवाज पुन्हा साखरेत आला. "तुले काय पायजे, बेटा?"

"कवठाळीच्या मंडईची तारीख तुमच्याजवळ अजून हाय. तिथी माईकवर उभं राहा लागन. उशीर शकुबाईमुळे झाला नव्हता, तुमच्यामुळे झाला होता, ती पीत नव्हती, असं नाव घेऊन बोला लागन. अन् प्रेमिलाचं बी नाव घ्या लागन."

"इतक्या वर्साचं कोनाले याद हाय आता?"

"मायले हाय."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. शेवटी म्हणाले, "लिवून दे मंग. प्रॉम्प्टरजवळ दे. माह्यानं तोंडपाठ नाई होत."

घरी आल्यावर रुपालीनं आईला सगळं सांगितलं. चौकटीचं, तक्रारींचं, प्रेमिलाचं, कवठाळीचं. तिला वाटलं, आई रागावेल, जाऊ दे म्हणेल, झालं गेलं विसर म्हणेल. शकुबाई मरळ माशाची खवलं काढत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकलं. मासा धुतला, विळी धुतली, पदराला हात पुसले.

"बसाले खुर्ची भेटन ना तिथी?" तिनं विचारलं. "पुढंच्या रांगेत?"

रुपालीनं 'तक्रार मागे कशी घ्यावी' हे पान तयार करून ठेवलं. पायऱ्या, बाण, सगळं. राखाडी चौकटीत या वेळी पळसफूलचंच नाव होतं, ते असायलाच हवं होतं. फक्त पान लोकांपुढे सोडायचं बटण दाबायचं बाकी होतं, आणि ते फोनवरूनही दाबता येत होतं. निकेशलाही तिनं आपण काय केलं ते सांगून टाकलं. तो आधी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून ओरडला, मग बसला, मग म्हणाला की मंडई होऊ दे, मग बघतो तुझ्याकडे.

कवठाळीच्या मंडईला पाय ठेवायला जागा नव्हती. दिवेलागणीला उद्घाटनाचा नारळ फुटला. मंच तोच, त्याच शेतात. शकुबाई पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, पाठ ताठ. रुपाली शेजारी, हातात फोन, बोट त्या बटणापाशी. मंचापुढे प्रॉम्प्टर वही उघडून बसला होता आणि वहीच्या वर रुपालीनं दिलेला कागद होता.

गुणवंतराव आले. माईकवर फुंकर मारली. पाहुण्यांची नावं घेतली, रस्त्यात लावलेली मोटारसायकल काढायला सांगितलं आणि त्याच दमात, त्याच सुरात खाली मान घालून पुटपुटले. प्रॉम्प्टर खालून स्पष्ट वाचत होता, "शकुबाई." गुणवंतराव म्हणाले, "एका कलाकाराबद्दल." प्रॉम्प्टर वाचत होता, "माझ्यामुळे." ते म्हणाले, "काही कारणामुळे उशीर झाला होता, गैरसमज नसावा." आणि माईक खाली न्यायला लागले. मागे लोक भजी खात होते. कोणाला काही कळलं नाही.

रुपालीचं बोट हललं. झालं तर होतं. तो बोलला तर होता. आणखी काय हवं?

शकुबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. "थांब," म्हणाली आणि उभी राहिली.

"गुणवंतराव," ती म्हणाली. माईक नव्हता. इतकी वर्षं बाजारात दबक्या आवाजात बोललेली बाई, आणि तो आवाज साऱ्या शेतावरून मागच्या बांधापर्यंत गेला. भजी खाणारे थांबले. "मागंच्याइले आइकू नाई गेलं. कोनामुळे मनले?"

सगळं शेत तिच्याकडे वळलं. बाजूच्या पडद्याआडून रंग लावलेली प्रेमिला डोकावली. गुणवंतरावांनी घाम पुसला आणि सवयीनं खाली बघितलं. प्रॉम्प्टरलाही सवय. नट अडखळला की वाक्य पहिल्यापासून द्यायचं. त्यानं कागदावरची पहिली ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं. आणि साऱ्या गावासमोर, सुटका नसलेल्या माणसानं बोलावं तसे गुणवंतराव त्याच्यामागून एकेक शब्द बोलले. तो उशीर शकुबाईमुळे झाला नव्हता. एकच तारीख मी दोन गावांना दिली होती. शकुबाई पीत नव्हती, मी खोटं बोललो. प्रेमिलाबद्दल बोललो तेही खोटं.

"कोण हाय हे शकुबाई?" मागून एका पोरानं विचारलं. त्याच्या शेजारचा म्हातारा त्याला काहीतरी सांगायला लागला आणि त्याच्या शेजारचा दुसऱ्याला.

शकुबाई अजून उभीच होती. तिनं मागे वळून शेवटच्या रांगेपर्यंत बघितलं, खातरी झाली तशी ती खाली बसली आणि पदर नीट केला.

"आता गेलं मागंपर्यंत," ती रुपालीला म्हणाली. "दाब तुहं बटन."